द्वारकाबाईंची विहीर

तीस वर्षं वकिली केली, पण द्वारकाबाईंसारखा युक्तिवाद मला एकदाही जमला नाही.

बाई एका शेठच्या घरी पोळ्या लाटायच्या. पाटल्या मोडून त्यांनी आयकर कचेरीशेजारी दहा गुंठे रान घेतलं होतं. त्यावरच त्या कचेरीची नोटीस आली: जमीन बेनामी आहे, बाई नावापुरत्या, खरा मालक शेठ. खुलासा पटला नाही तर जप्ती!

सुनावणीला कचेरीचे अधिकारी खासनीस साहेबांनी बाईंनी पुढे केलेला सातबारा हातानेच बाजूला सारला.

“कागदावरचं नाव मला दाखवू नकोस. तिथं शेठचे ट्रक उभे राहतात ना? भाडं देतो?”

“नाही साहेब. जागा मोकळी आहे, मी कुणाला नाही म्हणत नाही.”

“मग झालं! जो फुकट वापरतो, तोच खरा मालक.”

मी फाईल उघडणार, तोच बाईंनी माझा हात धरला. “साहेब, एवढं लिहून त्यावर सही कराल?”

साहेबांनी ते ऐटीत कारकुनाकडून लिहून घेतलं, सही ठोकली आणि पाण्याचा पेला उचलला.

“आता पुढचं लिहा,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्याच रानात माझी विहीर आहे. नऊ वर्षं ही कचेरी तिचं पाणी पिते. पाण्याचं कुठं भाडं घ्यायचं, म्हणून मी कधी मागितलं नाही.”

पेला साहेबांच्या ओठांशीच थांबला.

कारकुनाने लेखणी सरसावली आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, “साहेब, विहिरीची नोटीस आपल्याच नावाने काढू ना?”