दोन्ही दोर बांधलेली गोफण

फार जुनी गोष्ट, बरं का. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक सुतार होता. कामात पटाईत, पण त्याच्यापुढं कुणी शब्द काढायची सोय नव्हती!

एकदा लुटारूंनी गावचा गड बळकावला. गावाचं एकुलतं एक तळं नेमकं गडाच्या तटाखाली. पाण्याला गेलं की वरून बाण येत. चार दिवसांत गावाचे घसे कोरडे पडले. पाटील सुताराला म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत तट फोड, नाहीतर गाव उठलं म्हणून समज."

सुतारानं यंत्र उभारलं. केवढं मोठं! दोन खांबांवर लांबलचक तुळई. तिच्या आखूड टोकाला दगडांनी भरलेली पेटी, लांब टोकाला चामड्याची गोफण. पेटी धाडकन खाली आली की तुळई उसळणार आणि गोफणीतला धोंडा तटावर आदळणार. पण गोफण निसटायला नको म्हणून या शहाण्यानं तिचे दोन्ही दोर तुळईला करकचून बांधले.

पहिला धोंडा यंत्राच्या पुढ्यातच आपटला. "वजन कमी पडलं," म्हणत सुतारानं पेटीत आणखी दगड भरले. दुसरा धोंडाही तिथंच. वर तुळईला चीर गेली ती वेगळीच! तटावरचे लुटारू टाळ्या पिटू लागले. सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारच्या रानात ज्वारीवरची पाखरं राखणारी एक बाई हे सगळं बघत होती. ती पुढं आली.

"दादा, राग मानू नका. पण दोन्ही दोर बांधून कुणी गोफण मारतं का? एक बोटात अडकवायचा, दुसरा वेळेवर सोडायचा."

"तू मला शिकवणार?" सुतार कडाडला.

"मी कशाला शिकवू? मी रोज शंभर दगड मारते, तेवढं सांगितलं."

लोक फिदीफिदी हसले. सुताराचे कान तापले. तेवढ्यात गर्दीतलं एक तान्हं पोर पाण्यासाठी रडू लागलं. सुतारानं मान खाली घातली.

"बाई, कसं ते दाखवा."

मग एक दोर बांधलेलाच ठेवला. दुसऱ्याला कडी लावून ती नुसती खुंटीत अडकवली. "तुळई उभी होत आली की कडी आपसूक सटकली पाहिजे," बाई सांगत होती आणि सुतार तिच्या सांगण्यासरशी खुंटी तासत होता. तुळईची चीरही त्यानं दोरानं आवळून घेतली.

उन्हं कलली. पेटी सुटली, तुळई उसळली, कडी सटकली आणि धोंडा गरगरत गेला तो थेट तटावर! गावानं एकच आरोळी ठोकली. तिसऱ्या धोंड्याला बुरूज हादरला, पाचव्याला भलंमोठं खिंडार पडलं. गावकरी आत घुसले, लुटारू मागच्या वाटेनं पळत सुटले. बायाबापड्या हंडे घेऊन तळ्याकडं धावल्या.

पाटलानं आनंदानं सुताराच्या खांद्यावर शेला घातला. सुतारानं तो काढला आणि सगळ्यांदेखत बाईच्या हातात दिला.

"मान यांचा," तो म्हणाला. "मी दोर बांधला, यांनी सोडायला शिकवला."

यातून घ्यायचं तात्पर्य इतकंच: आपण कितीही जाणते असलो, तरी ज्याचा हात रोज त्या कामावर चालतो त्याचं ऐकण्यात कमीपणा नाही.