दहावं माणूस

फार जुन्या काळची गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी. खाडीकाठी तेल गाळणाऱ्या यहुद्यांची एक वस्ती होती. शनिवारी, म्हणजे त्यांच्या शाब्बाथला, घाणा बंद. विस्तव पेटवायचा नाही, दिवा लावायचा नाही. घाण्याचा बैलसुद्धा दिवसभर सावलीत रवंथ करीत बसे.

वस्तीच्या कडेला लेया आणि तिचा धाकटा भाऊ हस्साजी राहत. बाप यहुदीच, पण आई परक्या जातीची. म्हणून या भावंडांना प्रार्थनाघराची पायरी चढू देत नसत. शाब्बाथला मात्र घरोघरी चूल पेटवायला लेयाच लागे. वस्तीचा प्रमुख, मुकादम, म्हणे, ती आपली नव्हे, तिला नेम कसला. म्हणजे बघा, बैलाला विसावा आणि लेयाला नाही. धर्मग्रंथात दारातल्या परक्यालाही विसावा सांगितलाय. पण तेवढं वाक्य मुकादम भरभर वाचून पुढे जाई.

लेयाचा बाप मेला तेव्हा त्याला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरलं. मेलेल्यासाठी कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात, तिला दहा पुरुष हजर लागतात. त्याच्या मातीला एकही आला नाही. तेव्हापासून लेयाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

पुढे एकदा वस्तीतले बहुतेक पुरुष तेल विकायला खाडीपार गेले, आणि तेवढ्यात मुकादमाची आई वारली. दिवस मावळायच्या आत माती द्यायची होती. कबरस्तानात माणसं जमली, मोजली, तर नऊच. मुकादम खाडीकडे बघे, परत येई, पुन्हा मोजी. मोजून काय माणसं वाढतात?

शेवटी कोणीतरी चाचरत म्हणालं, हस्साजी आहे की. बाप तर आपलाच होता त्याचा.

बोलावणं गेलं. हस्साजीने घाईघाईने हातपाय धुतले, टोपी घातली. जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी आत बोलावत होतं. पण कबरस्तानाच्या फाटकाशी लेया आडवी उभी राहिली.

"मुकादमकाका, काल तुमची चूल पेटवली तेव्हा आम्ही परके होतो. एका रात्रीत आपले कसे झालो?"

"लेया, आईचं मयत पडलंय गं. आजच्या दिवस तोंड आवर."

"माझा बाप किती वर्षं पडलाय. आधी त्याचं कद्दीश, मग तुमच्या आईचं. नाहीतर हस्साजी घरी येतो."

हस्साजी हळूच म्हणाला, ताई, जाऊ दे ना. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टोपी सारखी करीत मागे सरला. मागून एकजण पुटपुटला, पायरी दिली की लगेच ओटी मागतात.

मुकादमाने आईच्या पांढऱ्या कफनाकडे पाहिलं. ऊन त्यावरून उतरत चाललं होतं. "बरं," तो म्हणाला.

ते ऐकताच दोन पुरुष कपडे झटकून चालते झाले. बाटलेल्याचं कद्दीश आम्ही ऐकणार नाही, म्हणाले. आता हस्साजीला धरूनही दहा होईनात. मुकादम मटकन खाली बसला.

लेया फाटकातून आत आली. तिच्या मागोमाग, इतका वेळ फाटकाबाहेर बायकांत उभी असलेली मुकादमाची बायको आली.

"अहो, सासूबाईंना न्हाऊ मी घातलं. कफन मी शिवलं. मोजतानाच तेवढी मी कुठे जाते?"

बाकीच्या बायकाही आत येऊन उभ्या राहिल्या. मुकादम उठला आणि त्याने पुन्हा मोजायला घेतलं. या खेपेला सुरुवात लेयापासून केली. दहा होऊनही माणसं उरली. आधी लेयाच्या बापाचं कद्दीश झालं, मग मुकादमाच्या आईचं.

आणि ते दोघे? ते अजून गावोगाव हिंडताहेत. आपल्यासारखी दहा शुद्ध माणसं हवीत त्यांना. कुठे कोणाची आई खटकते, कुठे कोणाची बायको. हल्ली तर ते एकमेकांच्या आज्यांची चौकशी करू लागलेत म्हणे.

बोध एवढाच: माणूस गरजेपुरता आपला नसतो, आपला म्हणायचा तर रोज म्हणावा.