दगडूचा कडू काढा

जिथे रान संपतं आणि गाव अजून सुरू झालेलं नसतं, अशा एका जागी कुडाची एक झोपडी होती. तिथे सगुणा राहायची, तिची आई राहायची आणि तिचा चिमुकला भाऊ दगडू राहायचा. आई बांबूच्या टोपल्या विणायची. टोपल्या विकल्या गेल्या की चूल पेटायची. नाही गेल्या, तर तिघं पाणी पिऊन झोपायची. पोराला दृष्ट लागू नये म्हणून आईने त्याचं नाव दगडू ठेवलं होतं, आणि दगडूने ते भलतंच मनावर घेतलं होतं. एकदा नाही म्हणाला, की नाही.

एकदा या दगडूला ताप आला. आला तो जाईचना. वैद्यबुवा आले, त्यांनी नाडी पाहिली आणि गुळवेल नि काडेचिराईत उकळून काढा करून दिला. म्हणाले, "हा पोटात गेला तर पोर उठून हुंदडेल. नाही गेला, तर पुढचं माझ्या हातात नाही."

आता काढा तो काढाच. वासानेच मांजर उठून बाहेर गेलं. आई म्हणाली, "गोड आहे हं सोन्या! आ कर." दगडूने बिचाऱ्याने आ केला. मग जो काही आरडाओरडा झाला, तो पार रानापर्यंत ऐकू गेला. पुढच्या वेळी आईने काढा गुळात कालवला. मग मागून आणलेल्या केळ्यात दडवला. मग दूधभातात. "हा घास काऊचा, हा घास चिऊचा," आणि नेमका काऊच्या घासात काढा!

त्या दिवसापासून दगडूने गूळ सोडला, केळं सोडलं, दूधभातही सोडला. 'गोड' एवढं कानावर पडलं, की तो ओठ गच्च मिटून घ्यायचा. औषध पोटात जाईना आणि अन्नही जाईना. पोर दिवसेंदिवस वाळत चाललं. आई आपली टोपली विणता विणता डोळे पुसायची.

एका दुपारी सगुणा उठली. "आई, रानात कुठे मध मिळतो का बघते. मधात तरी घेईल तो."

रानात वसंत आला होता. पळस केशरी झाला होता, काटेसावर लालेलाल झाली होती आणि बहाव्याच्या फांद्यांवरून पिवळीजर्द झुंबरं लोंबत होती. सगुणा भराभर चालली होती. इतक्यात धावड्याच्या झाडापाशी तिला अगदी बारीक आवाज आला. "अगं, मला सोडव ना गं!"

खोडावर डिंक पाझरला होता, आणि त्या सोनेरी डिंकात एक परी अडकली होती. सगुणाच्या करंगळीएवढीच होती ती. तिचे पंख साबणाच्या फुग्यासारखे होते. हलले की हिरवे, थांबले की जांभळे.

सगुणाला घाई होती. पण ओढलं असतं तर पंख फाटला असता. तिने पळसाच्या पानाचा द्रोण केला, ओढ्याचं पाणी आणलं आणि डिंक थेंबाथेंबाने भिजवत बसली. तो विरघळायला पुष्कळ वेळ लागला. शेवटी परी सुटली आणि तिने पंख झटकले. चांदीची बारीक बारीक चमचम सगुणाच्या नाकावर पडली आणि तिला शिंक आली.

"किती हळुवार हात आहे गं तुझा!" परी म्हणाली. "माग. दोन इच्छा देते."

"परी तीन देते ना?"

"त्या थोरल्या पऱ्या. मी धाकटी आहे," परी जरा फणकाऱ्याने म्हणाली. "आणि नियम नीट ऐक. इच्छा दुसऱ्यासाठी मागायची. आणि जे मागशील त्याबद्दल खोटं बोलायचं नाही. बोललीस, तर त्यातला गुणच निघून जाईल."

सगुणाला विचार करावा लागलाच नाही. "दगडूचा काढा गोड होऊ दे!"

परीने चिमुकल्या टाळ्या वाजवल्या. "झाला. गुण तोच, चव तेवढी बदलली. मी तुझ्या मागोमाग येतेच आहे. अजून एक इच्छा उरली आहे तुझी."

सगुणा धावत घरी आली. वाटीतला काळाकुट्ट काढा मधासारखा पिवळाधमक झाला होता. तिने बोट बुडवून चाखलं. आईने चाखलं. असलं गोड त्या घरात कुणी कधी खाल्लंच नव्हतं.

"दगडू, बघ तरी! खरंच गोड आहे रे!" आई म्हणाली.

दगडूने ओठ मिटले.

"देवाशप्पथ गोड आहे, राजा!"

दगडूने तोंड भिंतीकडे फिरवलं. आईने त्याच्या ओठावर एक थेंब लावला, तर त्याने तो मनगटाने पुसून टाकला आणि अंगात त्राण नव्हतं तरी रडायला लागला.

सगुणा वाटी घेऊन उभीच राहिली. दगडूचं तरी काय चुकलं? आजवर गोड म्हणून जे जे त्याच्या तोंडात गेलं, ते सगळं कडू निघालं होतं. आता खरंच गोड आलं, तर ते त्याने का खरं मानावं? 'कडू आहे' म्हटलं तर त्याला पटलं असतं. पण तसं म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि काढ्याचा गुण गेला असता.

ती दारात आली. परी कुंपणावरच्या गोकर्णीच्या निळ्या फुलात पाय हलवत बसली होती.

"परीताई, काढा पुन्हा कडू कर."

परी फुलातून पडता पडता राहिली. "अगं वेडे, ही शेवटची इच्छा आहे!"

"असू दे. होता तस्साच कर."

परीने टाळी वाजवली आणि वाटीतला काढा पुन्हा काळा झाला. आईने कपाळाला हात लावला. "सगुणे, डोकं फिरलं का तुझं? आता कसा घेईल तो?"

सगुणा दगडूजवळ बसली. "दगडू, हा काढा कडू आहे. खूप खूप कडू. थांब, आधी मी चाखते."

तिने बोट बुडवून जिभेवर ठेवलं मात्र, तिचे डोळे गच्च मिटले, नाक गोळा झालं, जीभ हनुवटीपर्यंत आली आणि ती शेपटीपर्यंत शहारली असती, पण तिला शेपटी नव्हती. यात सोंग अजिबात नव्हतं.

दगडू टक लावून बघत होता. मग तो खुदकन हसला. किती तरी दिवसांनी हसला.

"कलू?" त्याने विचारलं.

"हो रे बाबा, कडू! पण याने ताप जातो. तुझं तोंड कसं होतं, बघू?"

दगडूने थोडा विचार केला आणि आ केला. घोट आत गेला. त्याने असं काही तोंड वाकडं केलं, की आईला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. दगडूने वाटीकडे बोट दाखवलं. "ताई, तू."

मग तसंच ठरलं. दगडूचा एक घोट झाला की ताईने बोटभर चाखायचं आणि तोंड वाकडं करायचं. सगुणाला ताप नव्हता, पण काढ्याची चव तिलाही पाठ झाली. हळूहळू दगडूचा ताप उतरला. एका संध्याकाळी तो उठून बसला आणि त्याचं पोट भुकेने गुरगुरलं. पण घरात खायला काहीच नव्हतं.

तेवढ्यात परी दारात उतरली. "औषध कडू करून मागणारी पोर मी पहिल्यांदाच पाहिली," ती हसली. "इच्छा संपल्या तुझ्या. पण हे मी माझ्या मनाने देते."

तिने अंगणातल्या मातीला पायाचा अंगठा लावला. मातीतून कोवळी तांबूस पानं वर आली, फांद्या फुटल्या, मोहोर आला आणि बघता बघता आंब्याचं झाड केशरी फळांनी वाकलं. "याला बारा महिने फळ येईल. तुम्ही खा आणि उरेल ते बाजारात न्या. आता चूल विझायची नाही."

सगुणा तिला थांब म्हणणार, इतक्यात परी उजळली. आधी पिवळी, मग गुलाबी, मग नुसता पांढरा उजेड झाला. तो अंगणभर पसरला आणि विरून गेला. तिथे मागे झाडच तेवढं राहिलं.

आईने आंबा पिळला आणि वाटी दगडूसमोर धरली. "गो..." एवढं म्हणून ती थांबली. तिला पुढे बोलवेना. तिने वाटी सगुणाच्या हातात दिली.

दगडूने वाटीकडे पाहिलं आणि ओठ मिटले. "कलू?"

"नाही," सगुणा म्हणाली. "गोड आहे."

दगडूने ताईच्या तोंडाकडे बघितलं आणि मोठ्ठा आ केला.