साहेबांचं अर्धं वाक्य

शर्वाणी नवी कनिष्ठ अभियंता, हॉर्न वाजला तरी दचकणारी. रोज शाळेची बस जायची त्या करंजओढ्याच्या पुलाखालच्या गंजक्या सळया पाहून तिने शेरा दिला, 'अतिधोकादायक, दुरुस्ती आधी.' पण कार्यकारी अभियंता राजोपाध्येसाहेबांना दुरुस्तीच्या यादीत पहिला नंबर आमदारांच्या फार्महाऊसकडच्या धडधाकट पुलाला द्यायचा होता.

साहेब पाहणीला आले आणि पुलाच्या अलीकडेच, गावकऱ्यांच्या घोळक्यात खुर्ची टाकून चहा पीत म्हणाले, "अगं बाळ, कठड्याचा रंग बघ कसा चकचकीत! लिही, 'उत्तम'."

तेवढ्यात मागे शाळेची बस आली आणि हॉर्न वाजला. शर्वाणी टुणकन उडाली, आणि त्याच धास्तीत तिला सुचलं.

"लिहिते, सर. फक्त तुम्ही बसमध्ये पुढच्या सीटवर बसून पलीकडे जाऊन या. म्हणजे गाववाल्यांची भीती जाईल."

साहेबांच्या कपातला चहा हिंदकळला. "वेड लागलंय का? या पुलाचा काही भरवसा..."

आणि त्यांनी जीभ चावली. गावकरी फिसकन हसले. ड्रायव्हरने मुलांना खाली उतरवलं.

शर्वाणीने पेन उघडलं. "सर, वाक्य पूर्ण करा ना. तेवढाच शेरा लिहायचा राहिलाय."

करंजओढ्याचं काम आधी निघालं. फार्महाऊसचा पूल यादीत शेवटी गेला, तरी त्यावरून जाताना साहेबांना कधी भीती वाटली नाही.