कोळशाची रेघ

"माझ्या वहीत काय कमी होतं, आप्पा?"

विश्वंभरनं वही पुढं सरकवली. आप्पांनी ती उघडलीसुद्धा नाही.

कृष्णाकाठच्या त्या शहरात मठाची एक रीत होती. मोठा पूर येऊन गेला, की पाणी जिथवर चढलं तिथं मठाच्या भिंतीत रेघ कोरायची आणि खाली साल घालायचं. कोरणारा हात मठाचे प्रमुख आप्पा निवडत. यंदा त्यांनी छिन्नी दिली ती दौलू नावाड्याला. त्याला मठात येऊन तीन वर्षं झालेली, विश्वंभरला बावीस.

खरं सांगायचं तर विश्वंभरच्या पोटात दुखत होतं. आठ दिवस भावाच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर बसून यानं पुराचे फोटो काढले, तासातासाला नोंदी केल्या. आणि मान कुणाला, तर अक्षरं जुळवून वाचणाऱ्या माणसाला.

"दौलूची खूण चुकलीय," तो म्हणाला. "भर पुरात मठाच्या भिंतीतल्या कडीला होडी बांधली, माणसं उतरवता उतरवता खिळ्यानं एक ओरखडा मारला. झालं याचं मोजमाप. पाणी ओसरल्यावर मी टेप लावून भिंत मोजलीय. त्याचा ओरखडा माझ्या खुणेच्या हातभर खाली आहे. आपला पूर त्यानं लहान केला, आप्पा."

"आणि छिन्नी त्याला मिळाली..."

"माझ्या डोळ्यांदेखत." विश्वंभरचा आवाज चिरकला.

आप्पा काठी टेकत उठले. भिंतीशी गेले आणि म्हणाले, तुझी खूण दाखव.

पाणी उतरलं त्या दिवशी विश्वंभरनं भिंतीवरच्या ओलीच्या कडेनं कोळशाची रेघ ओढली होती. ती दाखवायला त्यानं बोट उचललं...

बोट तसंच राहिलं.

रेघ ओलीत बुडाली होती. ओल भिंतीत झिरपत तिच्याही वर चार बोटं चढली होती. खाली नदी केव्हाच पात्रात जाऊन बसलेली, घाटाच्या पायऱ्यांवर बायका चिखलानं भरलेल्या गोधड्या धूत होत्या.

पलीकडं दौलूची छिन्नी चालू होती. टक... टक...

विश्वंभर खालच्या मानेनं पुटपुटला, "तरी पण आप्पा... बावीस वर्षं."

आप्पांनी त्याची वही उचलून त्याच्या हातात दिली.

"पाणी उतरून पाच दिवस झाले, विश्वंभर. तुझं अजून चढतंय."