कोवळ्या उन्हातली जागा

झाडं बोलायची तेव्हाची गोष्ट. चिंचेच्या ढोलीत एक खार आणि तिचं पिल्लू राहायचं. खार उन्हाळ्यात पावसाळ्यासाठी चिंचोके साठवी, पावसाळ्यात थंडीसाठी चिंध्या.

“आई, जरा बस ना माझ्याजवळ.”

“एवढा ऋतू जाऊ दे, सोन्या.”

थंडीतल्या एका सकाळी ती कापूस घेऊन आली, तर ढोली रिकामी! “गेलं वाटतं कंटाळून! मी तरी कसली आई!” म्हणत ती फांदी न् फांदी धुंडाळू लागली.

“आई, वर ये!” शेंड्यावरून पिल्लू ओरडलं. “कोवळं ऊन आलंय. तुझी जागा धरलीय.”

खारीकडे भांडं नव्हतं, तरी तिचा जीव भांड्यात पडला. ती धावत वर गेली.

“आई, तुझा कापूस उडाला!”

“उडू दे. तू सरक जरा.”