माठाची पाठ

मडकी बोलायची, त्या काळची गोष्ट, मंडळी. कुंभारवाड्यात एक रीत होती. भट्टीत जाण्याआधी प्रत्येकाने आपली पाठ शेजाऱ्याला दाखवायची, कारण स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही.

नवा माठ फुगून म्हणाला, "मला पाणपोईवर बसायचंय! ही चिमुरडी घागर माझी पाठ बघणार?"

"वळा हो, माठराव," घागर म्हणाली. "बघा, केसाएवढी चीर आहे! आत्ता ओल्या मातीनं बुजेल. भाजल्यावर ब्रह्मदेवालाही बुजवता यायची नाही."

माठ कुरकुरला, पण कुंभाराला हाक मारून त्याने चीर लिंपून घेतली.

पाणपोईवर पहिलं पाणी ओतलं, तेव्हा माठाला घाम फुटला. थेंब मात्र गळला नाही. सुटकेचा निःश्वास टाकत त्याने शेजारी येऊन बसलेल्या त्याच घागरीला विचारलं, "ताई, तुमची पाठ कोणी बघितली होती?"

"एका पणतीनं," घागर हसली. "तुम्ही माझ्याशी भांडलात, त्याहून जास्त मी तिच्याशी भांडले होते."